राजाची सही

बेल्जियमच्या गादीवर बसणाऱ्या व्यक्तीची अधिकृत पदवी ‘बेल्जियमचा राजा’ अशी नाही. ती ‘बेल्जियनांचा राजा’ अशी आहे. हा फरक केवळ शब्दांचा वाटेल, परंतु १८३० साली नेदरलँड्सपासून फुटून निघालेल्या कॅथलिक आणि उदारमतवादी पुढाऱ्यांनी तो जाणूनबुजून केला होता. भूमी राजाची नाही, लोकांनी त्याला आपल्यासाठी नेमले आहे, हे त्यांना सांगायचे होते. म्हणूनच मागचा राजा निवर्तला की पुढचा आपोआप राजा होत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर घटनेची व बेल्जियन जनतेच्या कायद्यांची शपथ घेतल्यावरच तो राजा होतो. मधल्या दिवसांत राजाचे अधिकार मंत्रिमंडळ बेल्जियन जनतेच्या नावाने वापरते. दि. २१ जुलै १८३१ रोजी पहिल्या लिओपोल्डने ही शपथ घेतली. तो जन्माने जर्मन व धर्माने ल्युथरन होता, आणि कॅथलिकबहुल देशाने त्याला बिनदिक्कत स्वीकारले, ही गोष्ट आम्हांला त्या काळाच्या मानाने फार मोठी वाटते.

या राजाला घटनेने दिले काय? मंत्र्यांची नेमणूक, कायद्यांना मंजुरी, सेनेचे आधिपत्य असे कागदावर पुष्कळ दिले, आणि एका कलमाने ते सारे परत घेतले. मंत्र्याची प्रतिस्वाक्षरी असल्याशिवाय राजाची कोणतीही कृती अमलात येत नाही. आणि ज्याने प्रतिस्वाक्षरी केली, जबाबदारी त्याची. राजाशी झालेले बोलणे मंत्र्याने बाहेर सांगायचे नाही, हा संकेतही तिथे फार कडक पाळला जातो. त्याचा भंग करणे म्हणजे ‘मुकुट उघडा पाडणे’ होय. एकट्या राजाला काही करता येत नाही. परंतु त्याच्या सहीवाचून कायदाही होत नाही. ही उलटी बाजू शंभर-दीडशे वर्षे कुणाच्या फारशी ध्यानी आली नाही, कारण राजे सह्या करीत गेले.

पदाची आणि पदावरच्या माणसाची पहिली मोठी फारकत १९४० साली झाली. तिसरा लिओपोल्ड हा सेनापती या नात्याने आपल्या सैन्याबरोबर होता. दि. २५ मे रोजी वेइनेन्दालच्या गढीत पंतप्रधान युबेर पिएर्लो यांनी त्याला देशाबाहेर पडून लढा चालू ठेवण्याची विनवणी केली. राजाने ती मानली नाही. तीन दिवसांनी सैन्याने शरणागती पत्करली, राजा जर्मनांचा कैदी झाला आणि मंत्र्यांनी घटनेतील एक अडगळीतले कलम बाहेर काढले. राजा राज्य करण्यास असमर्थ झाल्यास मंत्र्यांनी ती असमर्थता नोंदवावी आणि सभागृहांना ताबडतोब पाचारण करावे, असे ते ८२ वे कलम. ते लिहिताना घटनाकारांच्या नजरेपुढे राजाचे वेड किंवा दुर्धर आजार असावा. शत्रूच्या कैदेत असलेला राजा त्यात बसवता आला. सभागृहे भरवणे त्या धामधुमीत शक्यच नव्हते. लंडनला गेलेले मंत्रिमंडळ राजाचे अधिकार आपणच वापरू लागले.

युद्ध संपल्यावर राजाला परत घ्यावे की नाही, यावरून देश दुभंगला. त्याचा भाऊ चार्ल्स राजप्रतिनिधी झाला, राजा स्वित्झर्लंडमध्ये राहिला. दि. १२ मार्च १९५० रोजी सार्वमत झाले. राजाच्या बाजूने ५७.६८ टक्के मते पडली; परंतु फ्लँडर्समध्ये ती ७२ टक्के, तर वॉलोनियात ४२ टक्के होती. बहुमताचा आकडा राजाच्या बाजूने होता आणि तरीही तो संपूर्ण देशाचा राजा उरला नव्हता. जुलैमध्ये तो परतला तेव्हा वॉलोनियात संप पेटले, ग्रास-बेर्लर येथे गोळीबारात माणसे दगावली. अखेर लिओपोल्डने अधिकार सोडले आणि ११ ऑगस्ट रोजी एकोणीस वर्षे वयाच्या बोदुएँने शपथ घेतली. ती घेत असताना सभागृहात कम्युनिस्ट सभासदांनी प्रजासत्ताकाचा जयघोष केला. आठवड्याभरात त्यांचे नेते ज्युलियन लाओ यांची त्यांच्या घराच्या दारातच हत्या झाली. १७ जुलै १९५१ रोजी बोदुएँ राजा झाला, तो असा, बापाच्या जागी, बापाच्या हयातीत.

बेल्जियमचे संघराज्य कसे झाले हे सांगितल्यावाचून पुढची हकिकत कळणार नाही. उत्तरेकडे डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेकडे फ्रेंच बोलणारे वॉलून, मध्ये ब्रसेल्स आणि पूर्वेच्या टोकाला जर्मन बोलणारे थोडे लोक. फ्लेमिश संख्येने अधिक. तथापि कारभार, न्यायालये, उच्च शिक्षण सारे फ्रेंचमध्ये. दोन्ही भाषांत शपथ घेणारा पहिला राजा १९०९ साली आला, आणि घटनेच्या डच पाठाला कायद्याचे बळ मिळाले १९६७ साली! रांचीचे येशूसंघीय फादर कामिल बुल्के आपल्याला रामकथेचे संशोधक व कोशकार म्हणून ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १९०९ चा, पश्चिम फ्लँडर्समधला. फ्रेंचच्या वरचष्म्याखाली मातृभाषेची होणारी अवहेलना त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिली होती, आणि इंग्रजीपुढे हिंदीची तीच दशा पाहून त्यांना राहवले नाही. त्यांच्या हिंदीप्रेमाचे मूळ असे फ्लेमिश मातीत आहे.

१९६२-६३ मध्ये भाषेची सीमा कायद्याने आखली गेली. सीमाभागाचे दुःख मराठी वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तिथले बेळगाव म्हणजे फूरन नावाची सहा खेडी. ती लिएज प्रांतातून काढून फ्लेमिश लिम्बर्गला जोडली. तिथे १९८२ च्या निवडणुकीनंतर झोझे आपार नावाचे फ्रेंचभाषक गृहस्थ नगराध्यक्षपदी आले. बेल्जियममध्ये नगराध्यक्षाची नेमणूक राजाच्या आदेशाने होत असे. आपार डच येत असल्याचे सिद्ध करावयास तयार नव्हते. राज्य परिषदेने १९८६ मध्ये त्यांची नेमणूक रद्द ठरवली, आणि त्या कटकटीतून १९८७ मध्ये संपूर्ण देशाचे मंत्रिमंडळ कोसळले. एका खेडेवजा गावाच्या अध्यक्षपदासाठी! तत्पूर्वी १९६८ मध्ये लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठाच्या फाळणीवरूनही सरकार पडले होते. फ्रेंच विभागाला नवे गाव वसवून जावे लागले आणि ग्रंथालयातील पुस्तके क्रमांकाच्या सम-विषमावरून वाटून घेतली गेली. एकाच श्रद्धेची, एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे भाषेपायी असे करू शकतात, हे लिहिताना आम्हांला खेद होतो.

१९७०, १९८०, १९८८-८९ आणि १९९३ अशा टप्प्यांनी घटना बदलत गेली, आणि शेवटी पहिल्याच कलमात लिहिले गेले की बेल्जियम हे समुदाय व प्रदेश यांचे मिळून झालेले संघराज्य आहे. केंद्राच्या मंत्रिमंडळात पंधराहून अधिक मंत्री नसावेत आणि पंतप्रधान वगळता डच व फ्रेंच भाषकांची संख्या समान असावी, हा नियम आहे. समुदाय आणि प्रदेश यांच्या शासनप्रमुखांनी राजासमोर शपथ घ्यायची असते. परंतु तिथल्या विधिमंडळांनी केलेले कायदे राजाकडे जात नाहीत. त्यांना मंजुरी तिथले शासनच देते. शाळा, संस्कृती, शेती, रस्ते अशी खाती जसजशी खाली गेली, तसतसा राजाच्या लेखणीपुढे येणाऱ्या कागदांचा ढीग कमी होत गेला.

या मोठ्या उलथापालथीच्या मध्यावर, १९९० साली, एक कागद आला.

बेल्जियममध्ये १८६७ च्या दंडसंहितेनुसार गर्भपात हा गुन्हा होता. समाजवादी सिनेटर रोजे लालमाँ आणि फ्लेमिश उदारमतवादी सिनेटर ल्युसिएन हेरमान-मिखिल्सेन्स यांनी मांडलेल्या विधेयकाने पहिल्या बारा आठवड्यांत, स्त्री संकटावस्थेत असल्यास व काही अटी पाळल्यास, तो शिक्षेतून मुक्त केला. पंतप्रधान विल्फ्रीड मार्टेन्स हे ख्रिस्ती लोकपक्षाचे. त्यांच्या पक्षाचा विधेयकाला विरोध होता. परंतु सरकारातले समाजवादी आणि विरोधी बाकांवरचे उदारमतवादी एकत्र आले आणि विधेयक नोव्हेंबर १९८९ मध्ये सिनेटमध्ये व २९ मार्च १९९० रोजी कनिष्ठ सभागृहात संमत झाले. ख्रिस्ती पक्षांना सरकार मोडता आले असते. त्यांनी ते मोडले नाही. संघराज्याची घडी बसवण्याचे काम याच सरकारच्या हाती होते आणि ते अर्ध्यावर टाकण्याची छाती कुणाची नव्हती, असे आमचे मत आहे.

दुसऱ्या दिवशी, ३० मार्च रोजी, बोदुएँने मार्टेन्स यांना पत्र लिहिले. या राजाची आणि राणी फाबिओलाची श्रद्धा सर्वश्रुत होती; त्यांना मूल नव्हते आणि त्या दुःखाविषयीही लोक जाणून होते. पत्रात राजाने कळवले की हा कायदा आपल्या सदसद्विवेकबुद्धीला मान्य होणारा नाही, यावर सही केल्यास आपणही त्यात काही अंशी वाटेकरी ठरू. देशात प्रत्येकाला विवेकाचे स्वातंत्र्य आहे, ते एका राजालाच नसावे काय, असा प्रश्न त्याने केला. पत्राचा हा भाग जगभर छापला गेला, आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांतूनही कौतुकाने सांगितला जातो. पण पत्र तिथे संपत नाही. संसदीय लोकशाहीचे कामकाज आपल्यामुळे अडू नये हेही राजाने लिहिले, आणि आपल्याला विवेकाविरुद्ध वागावे लागू नये व संसदेची इच्छाही पार पडावी असा कायदेशीर मार्ग शोधण्याची विनंती सरकारला केली.

मार्ग सापडला तो बापाच्या वेळचाच. ३ एप्रिलच्या रात्री मंत्रिमंडळ बसले आणि राजाच्या संमतीने त्यांनी ८२ व्या कलमाखाली राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचे नोंदवले. राजा मरण पावल्यानंतर जसे घडते तसे त्याचे अधिकार मंत्र्यांच्या परिषदेकडे आले आणि सर्व मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सह्या केल्या. त्यामुळे त्या कायद्याची तारीख ३ एप्रिल १९९० अशी आहे. सकाळी बेल्जियन लोक जागे झाले तेव्हा त्यांना कळले की आपल्याला राजा नाही. ५ एप्रिलला दोन्ही सभागृहे एकत्र बसली. असमर्थतेचे कारण दूर झाले आहे, या ठरावाच्या बाजूने २४५ मते पडली, ९३ सभासद तटस्थ राहिले, विरोधात कुणी गेले नाही. जेमतेम दीड-दोन दिवसांनी बोदुएँ पुन्हा राजा झाला.

त्यावर टीका बरीच झाली. विवेकाचा नकार म्हणजे असमर्थता कशी, असे घटनापंडित विचारीत होते, आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते. राजा धडधाकट होता, राजवाड्यातच होता. असमर्थ होता तो एकाच कागदापुरता. आपल्याकडे राष्ट्रपती झैलसिंग यांनी १९८६ च्या टपाल विधेयकावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही, नुसते ठेवून दिले. आपल्या घटनेत कालमर्यादा नसल्याने ते खपून गेले. बोदुएँलाही कागद दडपून ठेवता आला असता. तो त्याने दडपला नाही, ही गोष्ट आम्ही त्याच्या नकाराइतकीच महत्त्वाची मानतो.

परंतु या कथेत ज्यांच्याविषयी कुणी फारसे बोलत नाही त्यांच्याविषयी आम्हांला बोलायचे आहे. ते म्हणजे सह्या करणारे मंत्री. मार्टेन्स श्रद्धावान कॅथलिक होते. न्यायमंत्री मेल्किओर वातले हे फ्रेंचभाषक ख्रिस्ती पक्षाचे. त्यांच्यासारख्या आणखीही काहींनी, ज्यांच्या पक्षांनी या विधेयकाला विरोध केला होता, त्या रात्री आपापली नावे त्या कागदाखाली लिहिली. राजाची सही नसल्यामुळे त्यांच्या सह्यांचे वजन वाढले. एरवी राजाच्या सहीला आधार देणारी प्रतिस्वाक्षरी ती, आता स्वतःच मंजुरी झाली. राजाचा विवेक निष्कलंक राहिला, तो त्यांनी आपल्या विवेकावर भार घेतला म्हणून. त्यांना राजीनाम्याचा मार्ग मोकळा होता, राजाला तसा तो नव्हता, हे खरे आहे. राजाने पद सोडले असते तर ज्या धाग्याने फ्लेमिश आणि वॉलून अजून बांधलेले होते तोच तुटण्याची भीती होती. पण मंत्र्यांनी राजीनामे दिले असते तर तरी दुसरे काय झाले असते? म्हणून त्या मंत्र्यांना भ्याड ठरवून राजाला वीर ठरवणे आम्हांला अन्यायाचे वाटते. मार्टेन्स यांनी आपल्या राजाला वाचवले आणि संसदेलाही वाचवले. त्याबद्दल त्यांना कुणी मूर्तीरूपाने वेदीवर बसवणार नाही.

बोदुएँच्या बाबतीत मात्र तशी हालचाल सुरू झाली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस बेल्जियमला गेले असता लाकेन येथील राजाच्या कबरीपाशी त्यांनी प्रार्थना केली, त्याच्या धैर्याची स्तुती केली आणि दुसऱ्या दिवशी मिस्साच्या वेळी त्याला धन्यवादित घोषित करण्याच्या प्रक्रियेचा मनोदय जाहीर केला. पोपमहोदयांच्या गर्भपातविषयक उद्गारांवर पंतप्रधान आलेक्झांडर दे क्रो यांनी संसदेत तीव्र नाराजी व्यक्त केली व पोपच्या राजदूताला पाचारण केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इतिहासतज्ज्ञांची समिती नेमून रोमने प्रक्रिया आरंभली. त्या समितीपुढे १९९० चे पत्र असेल, तसे १९६० चे भाषणही असेल. काँगोच्या स्वातंत्र्यदिनी, ३० जून १९६० रोजी, लिओपोल्डव्हिल येथे या राजाने दुसऱ्या लिओपोल्डच्या कार्याची थोरवी गायिली. ज्या राजाच्या खासगी मालकीत काँगोवासीयांचे अनन्वित हाल झाले, तो हाच लिओपोल्ड. पॅट्रिस लुमुंबा यांनी तिथल्या तिथे उत्तर दिले. लुमुंबांची १९६१ च्या जानेवारीत हत्या झाली. बेल्जियन संसदेच्या चौकशी समितीने २००१ साली नोंदवले की त्यांच्या जिवाला असलेल्या धोक्याविषयी राजाकडे माहिती आली होती आणि ती जबाबदार मंत्र्यांपर्यंत पोहोचवली गेली नाही. प्रतिस्वाक्षरीची चौकट मोडली जाते ती अशीही, सही नाकारूनच नव्हे. ज्या विवेकाने १९९० मध्ये पत्र लिहिले तो तीस वर्षांपूर्वी तरुण होता असे म्हणून ही गोष्ट झटकता येणार नाही.

बोदुएँनंतर त्याच्या वाटेने बेल्जियममध्ये कुणी गेले नाही. संत मायकलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९२ च्या कराराला अनुसरून संघराज्याची घटना १९९३ च्या मे महिन्यात पुरी झाली आणि ३१ जुलै रोजी स्पेनमधील मोत्रिल येथे हृदयविकाराने राजाचे निधन झाले. त्याचा भाऊ दुसरा आल्बर्ट याने २००२ साली दयामरणाच्या कायद्यावर सही केली. आल्बर्टचा मुलगा फिलिप याने २०१४ मध्ये तो कायदा बालकांना लागू करणाऱ्या दुरुस्तीवर सही केली. त्या वेळी जगभरातून आलेल्या विनंत्या व्यर्थ गेल्या. ८२ वे कलम मात्र जिथे होते तिथेच आहे. १९९४ च्या नव्या अनुक्रमांत त्याचा आकडा ९३ झाला, एवढेच. शेजारच्या लक्झेंबर्गमध्ये निराळे घडले. तिथले तत्कालीन ग्रँड ड्यूक आंरी हे बोदुएँच्या बहिणीचे चिरंजीव. २००८ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी दयामरणाच्या कायद्याला मंजुरी देण्यास नकार दिला. मामाला दीड-दोन दिवस गादीवरून उतरवून पुन्हा बसवले गेले; भाच्याच्या बाबतीत संसदेने घटनाच दुरुस्त केली आणि ‘मंजुरी’ हा शब्द काढून टाकला. आता तिथला राज्यप्रमुख कायदे फक्त जारी करतो. विवेकाला वाट मिळाली, पण पदाचा तो अधिकार कायमचा गेला.

बेल्जियमच्या राजाकडे सरकार घडवण्याच्या वेळी थोडे काम उरते. निवडणुकीनंतर तो कुणाला तरी चाचपणीसाठी नेमतो, मग सरकार बनवणारा नेमतो. २०१० च्या जूनमधील निवडणुकीनंतर हे काम ५४१ दिवस चालले. चाचपणी करणारा, पूर्वतयारी करणारा, मध्यस्थ, स्पष्टीकरण करणारा, वाटाघाटी करणारा अशी नवनवी पदे आल्बर्टने एकामागून एक निर्माण केली, आणि शेवटी ६ डिसेंबर २०११ रोजी एलिओ दी रुपो पंतप्रधान झाले. इतके दिवस देश चालला कसा, याचे उत्तर पुष्कळसे वर सांगितलेच आहे: शाळा आणि रस्ते प्रादेशिक शासनांकडे होते.

त्या काळात स्पष्टीकरणाचे काम ज्यांच्यावर सोपवले होते ते बार्ट दे वेव्हर फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षाचे पुढारी. फ्लँडर्सचे स्वतंत्र प्रजासत्ताक व्हावे हे त्यांच्या पक्षाच्या नियमावलीतील पहिलेच उद्दिष्ट. दि. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी ब्रसेल्सच्या राजवाड्यात त्यांनी हात वर करून राजाशी निष्ठा आणि घटना व बेल्जियन जनतेच्या कायद्यांचे पालन यांची शपथ घेतली व ते पंतप्रधान झाले. त्या दिवसापासून फिलिप राजाच्या सहीखाली त्यांची प्रतिस्वाक्षरी पडू लागली.